अर्थ कच्चा होता, सेल्फ चांगला होता

पन्नालाल, बोनेट उघडलंय, म्हणून तुला तू म्हणतोय.

लोकांत तू शेठ आणि मी मिस्तरी, दोघंही एकमेकांना तुम्ही. दुकानात, बाजारात, तुझ्या घरच्या पंगतीत. पण बगळीचं बोनेट वर गेलं आणि आपली दोन डोकी आत गेली की तू. हे बसून कोणी ठरवलं नव्हतं. एकदा पंख्याच्या पट्ट्यात तुझी बाही जाता जाता वाचली आणि मी ओरडलो, "हात काढ गाढवा!" तुझ्या बारदानाच्या दुकानातला दिवाणजी शेजारी उभा होता. त्याचं तोंड उघडंच राहिलं. तू त्याला म्हणालास, "बोनेटखाली चालतं." तेव्हापासून चाळीस वर्षं चाललं.

तुझ्या राजूने मला कागद आणून दिलेत. म्हणाला, "काका, पप्पांच्या पुस्तिकेसाठी चार ओळी द्या. जन्म, दुकान, संस्था ते बाकीचे लिहिणार आहेत. तुम्ही नुसती आठवण लिहा." मी म्हटलं, बाबा, मी चौथी नापास, मला पाना धरता येतो, पेन नाही. तर म्हणे, "जसं बोलता तसं लिहा." जसं बोलतो तसं लिहायचं तर बोनेट उघडं पाहिजे. म्हणून तुझ्या गोदामामागच्या शेडमध्ये बगळीसमोर स्टूल ओढून बसलोय. शुद्धलेखन राजूने बघावं. बाकी एका शब्दाला हात लावायचा नाही, हे त्याला बजावलंय. आणि चार ओळींत माझं भागणार नाही.

तुझ्या उठावण्याच्या शोकबैठकीला मी आलो होतो. मागे, चपलांच्या जवळ बसलो. पुढे ये म्हणून कोणी म्हटलं नाही आणि म्हटलं असतं तरी मी गेलो नसतो. वैशाखापासून आपलं बोलणं बंद होतं हे गावाला माहीत होतं. लोक माझ्याकडे बघायचे आणि मी सतरंजीकडे. निघताना भाभी दारात उभी होती. तिने मला थांबवलं.

"मिस्तरी, गाडी तेव्हापासून उभी आहे. रविवारी धुळ्याचा माणूस येणार. राजूने सांगितलंय त्याला. ओढून नेईल, भंगारात."

"राजूचं काय चुकलं?" मी म्हटलं. "उभी गाडी किती दिवस सांभाळणार?"

बघ, तिथेसुद्धा माझी मान वाकली नाही.

भाभी म्हणाली, "मी राजूला बोलले आहे. रविवारी चालू झाली तर राहील. नाही झाली तर जाऊ दे."

"मग जळगावात दुसरा मिस्तरी नव्हता का सात महिने?"

ती म्हणाली, "त्यांनी हात लावू दिला नाही कोणाला. म्हणायचे, ज्याने रुसून बसवली, तोच येऊन उठवेल."

घरी आलो, पान्यांची पेटी खाटेखालून ओढली. तो मंगळवार होता.

बगळी ही गाडी होती आणि माणूसही होती. पांढरी, गोल पाठीची, पुढून बघितलं की पाण्यात चोच धरून उभी राहिल्यासारखी. नाव मीच ठेवलं. तुझ्या वडिलांनी घेतलेली, आणि तुझ्या राजूच्या जन्माला तिच्यातच भाभीला दवाखान्यात नेलेलं. तुझ्याकडे नंतर दोन नव्या गाड्या आल्या, त्यांना तू कधी बोनेट उघडून बघितलं नाहीस. मी विचारलं तर म्हणालास, "त्यात बघण्यासारखं काही दिसतच नाही, वर झाकण घातलंय."

माझी रुखमा गेली तेव्हाचं लिहितो. तिसऱ्या दिवशी तू बगळी घेऊन माझ्या गॅरेजला आलास. म्हणालास, "मागून आवाज येतोय, मिस्तरी. खर्रर्र असा." मला घरातून उठवत नव्हतं, तरी उठलो. चाकं काढली, ड्रम बघितले, स्प्रिंगच्या पट्ट्या मोजल्या. तू शेजारी स्टुलावर. "आला बघ," म्हणायचास. मला नाही यायचा ऐकू. आपण असोद्यापर्यंत जाऊन यायचो, तू गाडी चालवायचास, मी मागच्या सीटवर कान लावून बसायचो. दुपारी केळीच्या बागेच्या कडेला थांबून डबा खायचो. डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी असायची, माझ्या सुनेने दिलेली. तुझ्या घरात वांगं चढत नाही, पण बोनेटखाली तेही चालायचं. चौथ्या दिवशी मी चाक बसवता बसवता थांबलो. म्हटलं, "पन्ना, आवाज नाहीये ना?"

तू भाकरी मोडत होतास. म्हणालास, "होता. आता कमी झालाय."

ह्याचे आभार मी मानले नाहीत. तेव्हा मानायची रीत नव्हती आपल्यात, आणि नंतर वेळ आली नाही.

आता अर्थाचं. हे लिहिल्याशिवाय पारोळ्याचं आपलं भांडण कळणार नाही वाचणाऱ्याला.

मी चौथीत होतो तेव्हा मास्तरांनी कवितेचा अर्थ विचारला. मला येत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारला, पुन्हा आला नाही. छड्या खाल्ल्या आणि तिसऱ्या दिवसापासून शाळेत गेलोच नाही. बापाने धुळ्याला एका गॅरेजात नेऊन सोडलं. तिथे पहिल्या आठवड्यातच एका ट्रकचा मागचा दिवा लागेना. उस्ताद म्हणाला, "पहिलं काय बघशी? अर्थ बघ. अर्थ नही तर बठ्ठं फुकट." बठ्ठं म्हणजे सगळं.

मी दचकलो. शाळेतून पळालो तर हा इथे येऊन बसलाय!

उस्तादाने समजावलं. बॅटरीतून करंट निघतो, तारेने दिव्यापर्यंत जातो. पण त्याला परत यायला वाट पाहिजे. ती वाट लोखंडातून, गाडीच्या अंगातून. तिला अर्थ म्हणायचं. ती कच्ची असली तर तार नवी असो, दिवा नवा असो, काही पेटत नाही. त्या दिवशी मला शाळेतलंही कळलं. मास्तरांचं बोलणं माझ्यापर्यंत यायचं, पण माझ्याकडून परत जायला वाट नव्हती. तर हाच तो अर्थ, मी म्हटलं. आणि पुढे पन्नाशी उलटेपर्यंत मी तो एकच शब्द समजून चाललो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तुला एकदा बोलता बोलता सांगून बसलो. तू हसत हसत मडगार्डवर बसलास, डोळे पुसलेस. म्हणालास, "अरे भो, हा इंग्रजीतला अर्थ आहे. म्हणजे जमीन. पृथ्वी."

"मग मराठीतला?"

"तो वेगळा."

"लिहायला?"

"लिहायला सारखा."

"बोलायला?"

"सारखाच."

"आणि काम?"

"काम..." म्हणालास, "काम बघायला गेलं तर..."

"मग वेगळा कसा?"

ह्यावर तू मला वीस वर्षं उत्तर दिलं नाहीस. कधी शब्दकोश घेऊन यायचास, कधी तुझ्या शाळामास्तर मेव्हण्याला विचारून यायचास. मी ऐकायचो आणि म्हणायचो, "काम सांग, काम." भांडण मजेचं होतं. पण मी तुला एक सांगितलं होतं, की हे बाहेर बोलू नको. अडाणी म्हटलेलं मला चालतं, मी आहेच. पण अडाणी म्हणून हसलेलं चालत नाही. तू बोनेटवर हात ठेवून म्हणालास, "नाही बोलणार."

वैशाखात धुळ्याला तुमच्यातलं लग्न होतं. बगळी घेऊन निघालो. तू चालवायला, मी शेजारी, मागे भाभी, तुझे व्याही आणि विहीणबाई. सकाळी निघतानाच सेल्फने नखरा केला. हल्लीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला झटका देऊन फिरवते ती मोटार म्हणजे सेल्फ. बगळीला त्यासाठी वेगळं बटण आहे. बटण दाबलं, टक् झालं, पुढे काही नाही. मी खाली वाकून सेल्फला हातोडीने दोन टोले दिले. फिरला. तेव्हाच मी मनात ठरवून टाकलं, की सेल्फ गेलाय, आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे घासलेत.

येताना पारोळ्याला चहाला थांबलो. चहा झाला, बटण दाबलं, टक्. पुन्हा दाबलं, टक्. मी खाली घुसून चार टोले मारले, सहा मारले. नाही. बाहेर आलो तर शर्ट ग्रीसने आणि घामाने भरलेला. चहावाला, दोन रिक्षावाले, सगळे भोवती जमलेले. बोनेट उघडं होतं, पण त्याखाली आपण दोघंच नव्हतो, म्हणून तू तुम्हीवर होतास.

"मिस्तरी, चोकची दांडी गरम का लागते?" गार इंजिन लागावं म्हणून ओढतात ती, डॅशबोर्डवरची.

"शेठ, पारोळं आहे, वैशाख आहे. डोक्याला हात लावून बघा, तेही गरम लागेल."

व्याही हसले. तू हसला नाहीस. म्हणालास, "इंजिनाचा अर्थ बघा एकदा. ती तांब्याची पट्टी."

"पट्टी ठणठणीत आहे. सकाळीच बघितली."

बघितली होती. वरून.

"माझ्या दुकानात दोर परत येतो ना मिस्तरी, तो मधे तुटून नाही येत. वरून चांगला असतो, गाठीपाशी कुजलेला असतो. नट खोलून बघा. दोन मिनिटं लागतील."

बारदान आणि दोर विकणारा माणूस मला, गाड्यांत हाडं झिजवलेल्याला, चार लोकांत सांगतोय. माझी रागात मराठी सुटते. मी म्हटलं, "माले नको शिकाडू, शेठ!"

तू रुमालाला हात पुसलेस. व्याह्यांकडे वळलास, आणि हसत म्हणालास, "आमच्या मिस्तरींना अर्थ कळत नाही हो. त्यांना वाटतं, मास्तर कवितेचा विचारायचे, तोच तारेत असतो."

सगळे हसले. व्याही, रिक्षावाले. भाभीसुद्धा पदराआड हसली, मी बघितलं.

तुला राग आला होता, मला कळत होतं. माझं उत्तर उर्मट होतं, तेही कळत होतं. पण बोनेटखालचं तू बाहेर काढलंस. मी पेटी बंद केली, रस्ता ओलांडला आणि जळगावच्या बसमध्ये चढलो. खिडकीतून दिसलं, चहावाला आणि रिक्षावाले बगळीला ढकलत होते आणि तू एकटा स्टेअरिंगवर. तू मान वळवली नाहीस. मीही नाही. म्हणजे मी वळवली, बस सुटल्यावर.

पुढे आषाढात एकदा तू माझ्या घरी आलास. मी आतल्या खोलीत होतो. सुनेला खुणावलं, नाही म्हणून सांग. ती दारात जाऊन म्हणाली, "आबा बाहेर गेले." माझ्या चपला ओट्यावरच होत्या. तू मोठ्याने म्हणालास, "चपला घरी आहेत आणि मिस्तरी बाहेर. अनवाणी गेले वाटतं. नवस होता का काही?"

मला हसू आलं, पन्ना. तोंडावर पंचा धरला. फटीतून बघितलं तर तू ओट्यावर बसला होतास, मांडीवर कागदाचं एक पुडकं. मला वाटलं, मिठाई आणून समजूत काढायला आलाय. मी काय मिठाईवर राजी होणारा आहे? बसलो तसाच. बराच वेळ तू बसलास. मग गुडघ्यावर हात टेकून उठलास, पुडकं उचललंस आणि गेलास. तुझं उठणं मला जड वाटलं. तरी हाक मारली नाही.

तर बुधवारी मी शेडमध्ये आलो. बॅटरी मेलेली होती. पाणी घालून चार्जिंगला दिली, गुरुवारी आणून बसवली. दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन पांढरे गोल पडले, ढणढणीत. बटण दाबलं. टक्. दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत.

जाणत्याला एवढ्यात कळतं. दिवे बुडाले आणि सेल्फ फिरला नाही, तर सेल्फ अडकलाय, करंट खातोय. दिवे तसेच राहिले, तर करंटला पुढे तरी वाट नाही किंवा मागे तरी. अर्थ बघायला हवा. मी हे कितीतरी जणांना शिकवलंय. पण कार्बन घासले असले तरी असंच होतं, आणि मी ती फट धरली. अर्थ बघितला असता तर तुझं ऐकल्यासारखं झालं असतं. तू जाऊन चार-पाच दिवस झाले होते आणि मी अजून तुझ्याशी हटून बसलो होतो.

शुक्रवारी सेल्फ उतरवायला घेतला. आधी बॅटरीची तार सोडली. पुढचं चाक जॅकवर घेतलं, खाली घोडी लावली. सेल्फवरची जाड तार काढली, नट तांब्याचा असतो, जोर केला तर आतला खांबच पिळतो, म्हणून जपून. खालचा बोल्ट निघाला. राहिला वरचा.

तो बोल्ट एका माणसाचा नाहीच. त्याचं डोकं वरून धरावं लागतं आणि नट खालून फिरवावा लागतो. चाळीस वर्षांत तो सेल्फ आपण पाच-सहा वेळा उतरवला असेल. तू वर, बोनेटमध्ये पोटावर झोपलेला, वाकडा पाना धरून, मी खाली पाठीवर. मी विचारायचो, "धरलं?" तू म्हणायचास, "धरलं." मग मी जोर लावायचो. एकदा तुला शिंक आली, पाना सुटला आणि माझ्या कपाळाला खोक पडली. ती अजून आहे. त्यानंतर शिंक आली तरी तू सोडायचा नाहीस, शिंकत शिंकत "धरलं" म्हणायचास.

मी वर पाना लावला आणि तो धरायला कोणी नाही. लाकडाची पाचर घातली, निसटली. वीट टेकवून बघितली. शेवटी गोदामात जाऊन तुझ्या गठ्ठ्यातली सुतळी आणली, पाना स्टेअरिंगच्या दांड्याला आवळून बांधला. खाली सरकलो. शहात्तराव्या वर्षी पाठीवर सरकायला वेळ लागतो. नटाला पाना लावला आणि सवयीने तोंडातून गेलं,

"धरलं?"

मागच्या ओट्यावरून भाभी म्हणाली, "काय हो मिस्तरी?"

"काही नाही," मी म्हटलं.

वर बघितलं तर गाडीचं पोट, तेलाचा एक थेंब लोंबतोय, पडत नाही. मग जोर लावला. सुतळी करकरली, पण तुझा माल, तुटली नाही. नट सुटला.

शनिवारी सकाळी सेल्फ जमिनीवर घेतला. बुटाखाली दाबून धरला, बॅटरीच्या दोन तारा लावल्या. एक अंगाला, एक खांबाला. तार टेकली मात्र, सेल्फने अशी उसळी मारली की माझा पाय बाजूला झाला. गरगर फिरला, पुढचं दातऱ्यांचं चाक खाडकन बाहेर आलं. पुन्हा लावली. पुन्हा तसाच. अगदी तरणा.

सेल्फ चांगला होता. सात महिने मी त्याला मेलेला म्हणत होतो.

मी खाली बसलो. बसल्या जागेवरून ती पट्टी दिसत होती, इंजिनापासून चॅसीला जाणारी, तांब्याच्या तारांची वेणी. वरून ठणठणीत. नट खोलला. दोन मिनिटंही नाही लागली. वेणीचं टोक बोल्टाखालून काढलं तर हातात हिरवी भुकटी आली. गाठीपाशी कुजलेली. इंजिनाचा करंट परत यायला वाट शोधत चोकच्या बारीक तारेतून जात होता, म्हणून ती दांडी गरम लागत होती. आणि माझ्या हातोडीच्या टोल्याने ती सडकी पट्टी लग्नाच्या सकाळी घडीभर टेकली, मी समजलो सेल्फ ऐकला.

तुझा हात बरोबर होता. मी ऊन म्हणालो.

नवी पट्टी आणायला निघायचं, त्याआधी बोल्टाची जागा घासून ठेवावी म्हणून पॉलिश पेपर शोधायला डॅशबोर्डचा खण उघडला. त्यात कागदाचं पुडकं होतं. वर्तमानपत्राचा कागद, सुतळी बांधलेली, तुझी ती मारवाडी गाठ, जी मला कधी सोडवता येत नाही. मी ती दातांनी सोडवली. आत नवी कोरी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी डोळे. आणि दुकानाच्या चिठ्ठीवर तुझ्या अक्षरात दोन शब्द, "मिस्तरी आल्यावर."

ते मिठाईचं पुडकं नव्हतं, पन्ना.

तुला ती बसवता आली असती. दोन नट. तू माझ्याशेजारी चाळीस वर्षं उभा होतास, तुला येत होतं. बसवली असतीस तर बगळी त्याच दिवशी उठली असती, बाजारातून फिरवली असतीस, आणि सगळ्या जळगावला कळलं असतं की मिस्तरी खोटा आणि शेठ खरा. तू ती खणात ठेवलीस आणि गाडीला उभं राहू दिलंस. पारोळ्याला एका वाक्यात जे काढून घेतलंस, ते सात महिने गप्प राहून परत करत होतास. आणि मी आतल्या खोलीत तोंडावर पंचा धरून बसलो होतो.

मी चिठ्ठी खिशात ठेवली. राजूने मागितली तरी देणार नाही.

पट्टी बसवली. सेल्फ चढवला, पुन्हा सुतळी बांधून. ह्या वेळी विचारलं नाही.

आज रविवार. सकाळी धुळ्याचा माणूस टेम्पो आणि दोर घेऊन आला. बगळीभोवती फिरला, पत्रा ठोकून बघितला. मला म्हणाला, "आबा, कशाला मेहनत घेतली? बठ्ठं सडेल शे." मी त्याला म्हटलं, "जरा लांब उभा राहा. धूर येईल."

भाभीला स्टेअरिंगमागे बसवलं. आयुष्यात ती तिथे बसली नव्हती. "काय दाबू?" म्हणाली. बटण दाखवलं, चोक ओढून दिला. पहिल्या वेळी इंजिन फिरलं, खोकलं, थांबलं. राजू मोबाइलमध्ये बघत होता, त्याने मान वर केली. दुसऱ्या वेळी लागलं. निळा धूर धुळ्याच्या माणसाच्या अंगावर गेला. शेडचे पत्रे थरथरायला लागले, वरची कबुतरं उडाली. भाभी स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसली होती, जसं काही ती कुठे जाणार आहे. मग तिने एक हात सोडला आणि चोकच्या दांडीला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"मिस्तरी," म्हणाली, "ही गरम लागत नाही आता."

म्हणजे तिला सगळं आठवत होतं. ते हसणंही.

मग मी राजूसमोर, त्या धुळ्याच्या माणसासमोर, आवाज चढवून बोललो, कारण इंजिनाच्या वर ऐकू जायला हवं होतं. म्हटलं, "पारोळ्याला शेठ बरोबर होते. अर्थ कच्चा होता. मी चुकलो." चार लोकांत बोलायचं म्हणून शेठ म्हटलं. राजू म्हणाला, "काका, जाऊ द्या ना आता." मी म्हटलं, जाऊ कसं देऊ, तू छापणार आहेस हे.

पट्टीचं कबूल. शब्दाचं नाही. तो एकच शब्द आहे, हे माझं म्हणणं तसंच आहे. उलट आता जास्तच. तुझ्याकडून माझ्यापर्यंत सगळं येत होतं. वाट कच्ची होती ती माझ्याकडून परत जायची. ह्याला तू काय म्हणशील, जमीन की दुसरं काही? शब्दकोश बघून सांग.

धुळ्याचा माणूस दोर गुंडाळून गेला. राजू म्हणाला, महिन्यातून एकदा येऊन चालू करून जात जा काका, म्हणजे पुन्हा बसायची नाही. मी हो म्हटलं. भाभी उतरली, पदराने सीट पुसली. मग तिने मला सांगितलं, "बोनेट लावा मिस्तरी, धूळ बसेल."

मी म्हटलं, "इंजिन गरम आहे भाभी. जरा राहू द्या."

ते सकाळी. तेव्हापासून लिहितोय. तिने दोनदा चहा पाठवला, दुसऱ्या कपावर साय धरलीय. ऊन शेडच्या दारातून मागे सरकत पार भिंतीला गेलंय. मघाशी इंजिनाला हात लावून बघितला.

केव्हाच गार झालंय.